काल दिसलात, नाना

"काल दिसलात, नाना."

आमच्या घरात उजाडायचं ते या वाक्याने. नाना म्हणजे माझे वडील, माझगावच्या गोदीत कारकून. अर्धी दाढी झालेली असताना ते आरशातून मान वळवायचे, आणि उंबऱ्याबाहेर आमचे घरमालक भाऊसाहेब धैर्यवान उभे असायचे. हातात चांदीच्या मुठीची काठी, काठाचं धोतर, वर रेशमी कोट आणि कोटाच्या आत नुसता गंजीफ्रॉक.

"कुठे दिसलो?" नाना विचारायचे. विचारल्याशिवाय भाऊसाहेब हलत नसत.

"गोदीत. मोठी आगबोट लागली होती. नीट पाहिलं, तर आपलीच चाळ. पाण्यावर डुलत होती. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून पेपर वाचत होता."

"मग?"

"मग काय, सुटली बोट."

एवढं सांगून ते आईच्या हातचा अर्धा कप चहा घेत, तोही उंबऱ्याबाहेर उभ्यानेच, आणि शेजारच्या सामंतांच्या दाराकडे वळत. गिरगावातले बाकीचे मालक भाडं मागायला जिना चढायचे. आमचे मालक स्वप्नं सांगायला चढायचे. भाड्यासाठी त्यांनी मेहता ठेवला होता, पण स्वप्नांचं खातं त्यांनी दुसऱ्या कोणाकडे सोपवलं नाही.

ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वप्नं मात्र सगळी भाडेकरूंची. एकदा त्यांना माझी आई चौपाटीच्या पाण्यावरून सोनचाफ्याची परडी घेऊन चालत येताना दिसली. आई वरवर म्हणाली, "काहीतरीच," पण त्या दिवशी आमटीला नेहमीपेक्षा चांगली फोडणी बसली. सामंत छापखान्यात होते, मालवणचे, आणि या बाबतीत अगदी कोरडे. "माका सपनां पडनत नाय भाऊसाहेब," ते म्हणायचे, "मी पडलंय की झोपलंय." भाऊसाहेब त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहायचे आणि त्यांचं स्वप्नही स्वतःच पाहून द्यायचे.

मग एका दिवाळीनंतर त्यांच्या स्वप्नात आमची गॅलरी येऊ लागली. कधी ती धुक्यातून तरंगत खाली यायची, कधी तिला पंख असायचे आणि एक पंख मोडलेला असायचा. आम्ही हसत होतो. मात्र एका सकाळी भाऊसाहेबांच्या मागे मिस्त्री उभा राहिला. त्याने तुळयांत पहार घुसवली, ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. छप्पर आणि गॅलरी दोन्ही काढावी लागणार होती. तोवर तिसरा मजला रिकामा हवा होता.

आता हसू संपलं. पलीकडच्या गल्लीतली माणसं अशीच 'दुरुस्तीपुरती' बाहेर पडली होती. परत आली तेव्हा त्यांच्या खोल्यांत पागडी मोजून आलेली नवी बिऱ्हाडं बसली होती. एकदा पाय बाहेर पडला की खोली गेली, हे गिरगावात लहान पोरालाही कळत होतं. नाना जन्मले त्या खोलीत. मीही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सभा, प्रभातफेऱ्या, मोर्चे यांनी अख्खं गिरगाव भारून गेलं होतं. गोदीतून आल्यावर नाना घरी कमी आणि सभेत जास्त असायचे. तेव्हा आमच्या मजल्यावरही एक समिती निघाली यात नवल नाही. 'गॅलरी मजबूत आहे, तिसरा मजला सोडणार नाही' हा ठराव मांडायला जाहीर सभा ठरली.

सभा भरवायची कुठे, हा पहिला प्रश्न आला. आमच्या गॅलरीत एवढी माणसं उभी राहिली तर ती टिकेल का, असं सामंतांनीच विचारलं. म्हणून गॅलरी मजबूत आहे हे सांगणारी सभा खाली, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, भाऊसाहेबांच्या दारासमोर भरली. अध्यक्षांना खुर्ची हवी. ती फक्त भाऊसाहेबांकडे होती. त्यांनी खुर्ची आणून दिली आणि चाळीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर जाऊन बसले. गणपतीपासून शोकसभेपर्यंत आमच्या चाळीत अध्यक्ष तेच असत. मालकाविरुद्धच्या सभेत मालकाला अध्यक्ष करू नये, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा हार घालून झाला होता.

नाना उठले. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "आपले मालक आपल्याला फसवून बाहेर काढतील, अशी शंका घ्यायला जागा आहे."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "घ्यावी. पुढे बोला."

नाना पुढे काय बोलणार? हातातल्या शेंगा सांडल्यासारखा चेहरा करून ते खाली बसले. सामंत उठले, "आमी हलूचो नाय," म्हणाले आणि तेही बसले. मग समारोपाला भाऊसाहेब उभे राहिले. आवाज इतका हळू की बायका दारातून पुढे सरकल्या.

"काल पुन्हा गॅलरी दिसली. पाळणा होता तिच्यात. सामंतांच्या बेबीचा. गॅलरी निघाली आणि पाळणा तिच्याबरोबर निघाला. मी खालून हात वर केले होते, पण हात पुरेनात."

 सामंतांच्या बायकोने कडेवरची पोर घट्ट धरली. सामंत जमिनीकडे बघत राहिले. समितीचा ठराव तिथेच मोडला असता, पण खोली जायची भीती काही मोडत नव्हती. मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि रडू येत होतं.

तेव्हा आई बोलली. सभेत बोलायची तिची पहिलीच वेळ.

"भाऊसाहेब, मलाही काल स्वप्न पडलं."

नानांनी वळून पाहिलं. आईला स्वप्न पडल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"पाडवा होता," आई म्हणाली. "मी नव्या गॅलरीत गुढी उभारत होते. खोलीची किल्ली तुम्ही माझ्या हातात दिली होती."

भाऊसाहेबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "स्वप्न रात्रीचं की पहाटेचं?"

"पहाटेचं."

"मग खरं होणार," ते म्हणाले. "पहाटेचं स्वप्न मोडायची माझी छाती नाही. पाडव्याला किल्ली."

ना कागद, ना वकील. दुसऱ्या आठवड्यात आम्ही चिंचपोकळीला मावशीकडे गेलो. सामंत डिलाईल रोडला भावाकडे गेले. जाताना कब्जा राहावा म्हणून आईने पाटा-वरवंटा खोलीतच ठेवला. मिस्त्रीला आत जायला लागणार, म्हणून किल्ली भाऊसाहेबांकडे राहिली. नानांचा मात्र जीव मावशीच्या घरी रमेना. "जाऊन बघून ये," ते मला म्हणाले. "आत कोणी बसलंय का ते बघ." मी तेव्हा गिरगावातच मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळा सुटल्यावर गेले.

छप्पर उतरवलं होतं, गॅलरीला नव्या तुळया आणि फळ्या बसल्या होत्या. ज्या कोपऱ्यात नानांचा आरसा असायचा तिथे ऊन होतं आणि वर नुसतं आभाळ. लाकडाचा भुसा उन्हात हळूहळू उतरत होता. आपलं घर एवढं मोठं आणि एवढं हलकं मी कधी पाहिलं नव्हतं. मधोमध आईचा पाटा. आणि खरंच कोणीतरी बसलं होतं, पण आत नाही. उंबऱ्याबाहेर, अध्यक्षांच्या खुर्चीवर, भाऊसाहेब.

"आत बसायचं की," मी म्हटलं.

"तुमच्या माघारी? कसा बसू?"

मी थट्टेने विचारलं, "मग, आम्ही दिसतो का चिंचपोकळीला?"

ते काठीने भुशात रेघोट्या ओढत राहिले. "बाळ, स्वप्न पडायला झोप यावी लागते. ही गेल्यापासून मला झोप नाही. मी नुसता पडून असतो आणि तुम्हांला ऐकतो. नानांचा खोकला. बेबीचा पाळणा. पाळणा हलला की गॅलरी करकरायची, ते मी कितीतरी दिवस ऐकत होतो. आणि तुझ्या आईचा स्टोव्ह. तिने पंप मारला की मला कळायचं, उजाडलं, आणखी एक दिवस निघाला. आता वर काहीच वाजत नाही."

"आणि ती स्वप्नं?"

"वर यायला काहीतरी निमित्त हवं ना. मालक रोज सकाळी उगीच दारात आला, तर कोण चहा विचारेल?"

 चिंचपोकळीला येऊन मी नानांना सांगितलं, "कोणी बसलेलं नाही." आईला मात्र सगळं सांगितलं. 

पाडव्याला भाऊसाहेबांनी किल्ली दिली, आईच्याच हातात. गुढी उभी राहिली. सामंतांनी नव्या गॅलरीत चार उड्या मारून ती तपासली आणि भाऊसाहेबांच्या पाया पडले. सगळं त्या स्वप्नासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते आले नाहीत. मला सांगून बसल्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने यायचं, असं त्यांना वाटलं असणार. नानांची दाढी पूर्ण झाली, तरी ते दाराकडे बघत होते. आईने स्टोव्हला पंप मारला, तो गरजेपेक्षा बराच जास्त मारला. चहा उकळला. कप भरून पाटापाशी ठेवला. मग तिने पदर खोचला आणि ती जिना उतरून गेली. मी कठड्यावरून वाकले.

त्यांचं दार उघडंच होतं. आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"काल दिसलात, भाऊसाहेब."

 आतून काठी सरकल्याचा आवाज झाला.

"कुठे दिसलो?"

"आमच्या घरात," आई म्हणाली. "आत पाटावर बसून चहा घेत होता. चला, निवतोय."