बाटली लख्ख झाली

सासूबाईंचा स्वच्छतेवर इतका जीव, की साक्षात देव दारात उभा राहिला असता तरी त्याला म्हणाल्या असत्या, आधी पाय धुऊन ये.

सून कीटकशास्त्रज्ञ. परसातल्या गोठ्यालगत तिने प्रकाशसापळा टांगला होता. वर छोटा दिवा, त्याखाली पंखा, पंख्याखाली साबणाच्या पाण्याची बाटली. दिव्याला भुलून चिलटं येणार, पंखा त्यांना खाली ओढणार आणि बाटलीत कारभार आटोपणार. सगळी गल्ली चिलटांनी फोडून काढली होती. पण सुनेचे साहेब म्हणत, इथे चावरी चिलटं नाहीतच, लोकांना उगाच खाजवायची खोड. तीन रात्री बाटलीत नुसते पतंग सापडले. चौथी रात्र शेवटची. सकाळी साहेब स्वतः बाटली बघणार होते, आणि चिलट नसेल तर काम बंद, सुनेची नोकरीही बंद.

सकाळी सून आंघोळीला गेली तेवढ्यात सासूबाई परसात आल्या. साहेब यायची वेळ आणि बाटलीत ही घाण! त्यांनी बाटली ओतली, घासली आणि उपडी घातली.

साहेब आले तेव्हा सून बाटली हातात धरून उभी होती.

"आई, यातलं पाणी कुठंय?"

"ओतलं की. साहेबांना काय ते गढूळ पाणी दाखवणार होतीस?"

सुनेने परोपरीने सांगून पाहिलं. पुरावा नाही म्हणजे चिलट नाही, असं म्हणून साहेब मनगट खाजवत अहवाल लिहायला बसले. आपण काय करून बसलो ते सासूबाईंना आत्ता कळलं. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी चहा टाकला.

साहेबांनी कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. चमच्याने काहीतरी उचललं, खिशातून भिंग काढलं.

"पंखांवर ठिपके," ते पुटपुटले. "ही तर चावरी जात. चहात कुठून आली?"

सासूबाई ओशाळल्या. मोरी तुंबेल म्हणून त्यांनी बाटली चहाच्या गाळणीतून ओतली होती. नंतर गाळणी विसळली, पण घाईत. सून ओट्याकडे धावली. जाळीच्या कडेला आणखी एकोणीस चिलटं अडकली होती! आनंदाने तिने सासूबाईंना मिठीच मारली.

तेवढ्यात सासूबाईंना कंठ फुटला.

"वर्षभर आम्हाला फोडत होती तेव्हा ती नव्हती. तुमच्या चहात एक पडलं, आणि लगेच आली होय?"

काम आणखी दोन वर्षं वाढलं. नोंदीच्या तक्त्यात 'पकडण्याचे साधन' या रकान्यात सुनेने 'प्रकाशसापळा' लिहिलं. सासूबाईंनी मागून वाकून वाचलं आणि पुढे 'व गाळणी' लिहायला लावलं. साहेबांनी मुकाट्याने सही केली.