परबकाकांचं वानर आणि कुरव

"वानर बरो की कुरव बरो, सांग बघू," हा प्रश्न आमच्या शेजारचे परबकाका ओळख झाल्याच्या तिसऱ्या मिनिटाला विचारत. दूधवाल्याला विचारला, माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही विचारला. त्या घरून होकार आला नाही.

आमची इमारत बोरिवलीला, जंगलाला पाठ लावून. काळ्या तोंडाची वानरं गच्चीवर येऊन आईचे सांडगे फस्त करायची. थंडीत काका गोराईच्या खाडीवर जाऊन कुरव, म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे पक्षी, बघून यायचे. मग तुलना सुरू. वानर चोरून खातो, कुरव कोळणीच्या तोंडावर मासळी उचलतो. शेवट मात्र ठरलेला. "कुरव पिल्लाक पंख फुटले की मागे बघणा नाय. वानरीण मेलेला पिल्लूसुद्धा सोडणा नाय. शाणो कोण?" उत्तर काहीही द्या, "तुका कळाक नाय" म्हणून निघून जायचे.

इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षीच्या सत्यनारायणाला मी काकांची नक्कल केली. विनोदी म्हणून माझा लौकिक होता. म्हणजे तसं मीच सांगत फिरायचो. कमरेला परकराची नाडी शेपूट म्हणून बांधली, छातीशी पिल्लू म्हणून उशी धरली आणि वानरीण होऊन, काकांच्या आवाजात "शाणो कोण?" विचारत खुर्च्यांवरून उड्या मारल्या. लोक हसून लोळले. काकू उठून गेल्या, पाठोपाठ काका. नक्कल झोंबली म्हणून मी खूश.

घरी आईने ऐकवलं. त्यांचा नंदू पाच वर्षांचा असताना तापाने गेला होता. काकांनी त्याला दुपारपर्यंत मांडीवरून उतरवू दिलं नाही. शेवटी चौघांनी मिळून त्यांचे हात सोडवले.

सकाळी माफी मागायला गेलो. पाठ केलेली वाक्यं दारातच विसरलो. काकूंना फार लागलं असेल, एवढंच कसंबसं म्हणालो.

"तिचा काय नाय रे. ती कुरव झाली कधीच. काल उठली ती माझ्यासाठी," काका हळूच म्हणाले. "मीच अजून वानरीण होऊन रवलंय."

काकांनी मला जवळ बोलावलं. दोन्ही रिकामे हात छातीशी नेले.

"उशी चुकीची धरललंस काल. मान लोंबत होती. मानेखाली हात व्हयो."

मी तसे हात धरून दाखवले. त्यांनी माझं कोपर जरासं वर उचललं.

"हां," म्हणाले, "आता पडूचा नाय."