परिषदेला जाणाऱ्यांसाठी आण्णांच्या सूचना

आमचे बिरूआण्णा माणसं मोजताना तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. बसच्या दारात उभं राहायचं आणि आत चढणारे पाय मोजायचे. एकदा मी कारण विचारलं.

"तोंड बघितलं की मानूस बोलाय लागतंय, आन् मोजनी चुकतीया. पाय बोलत न्हाईत."

आण्णा जत भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरात वाढले. त्यांचे वडील मेंढरं बाहेर काढताना अशीच मोजायचे म्हणे. आता आण्णा कुपवाडला आमच्या ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात आणि जवळच एका खोलीवर एकटेच राहतात, पण खोड काही गेली नाही.

आमच्या विक्रेत्यांची परिषद दर हिवाळ्यात महाबळेश्वरला भरते आणि कारखान्यातले आम्ही तिथं बसनं जातो. तीन दिवस तीच भाषणं, पडद्यावर तेच तक्ते, जेवायला तेच पनीर. यंदाचं माझं अकरावं वर्ष. त्या डोंगराचं नाव काढलं तरी मला जांभई येते. आण्णांना मात्र दिवाळी संपली की चैन पडत नाही. परिषदेच्या आठ दिवस आधी ते रजा टाकून एकटेच एसटीनं वर जाऊन येतात. कळप हलवायच्या आधी घरातला एक जण पुढं जाऊन पाणी, वारा, बसायची जागा बघून यायचा, तसं हे. हॉटेलचा मॅनेजर आता त्यांना लांबूनच ओळखतो आणि आत सटकतो.

मग सूचना सुरू होतात. आण्णा त्या लिहून देत नाहीत, एकेकाला गाठून सांगतात. जेवणाच्या सुट्टीत गाठतात, हात धुताना गाठतात, मी तर एकदा हेल्मेट घालून बसलो तरी गाठलं.

"वाईत च्या घ्या, वडा नगो. घाटात पोट रिकामं बी नगं आन् भरल्यालं बी नगं."

"चष्मा खिडकीत ठेवू नगा, माकडं न्हेत्यात."

"आंगुळ पाचाला उरका, सातानंतर गिझर दमतंय."

"स्ट्रॉबेरी येताना घ्या. आधी घेतली तर खोलीत पानी सुटतंय."

"सभेत दारापाशी बसू नगा, वारं शिरतंय. मागं खांबाआड बसा. भाषन बी कमी ऐकू येतंय."

हा शेवटचा सल्ला मी अकरा वर्षं इमानेइतबारे पाळतोय. पण प्रत्येक सूचनेला जोडलेलं "वरची हवा येगळी हाय, गड्या" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. यंदा निघतानाच डोकं दुखत होतं, त्यात कराडला मोजणी, साताऱ्याला मोजणी.

वाईला चहा झाला. आण्णांनी दारात उभं राहून बेचाळीस पाय मोजले. एकवीस माणसं भरली. तेवढ्यात पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या शिंदे मॅडमच्या चपलेतली बोटं आखडलेली त्यांना दिसली. घाटाच्या आधीच मॅडमना मळमळतंय हे त्यांनी ओळखलं आणि कुणाला न सांगता ते लिंबं आणायला उतरले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मोजणी झाली ना, मग आता कशाला खोळंबा, म्हणून मी वैतागून खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरनं गाडी काढली.

पसरणीचा घाट अगदी शांततेत चढलो. आण्णांना झोप लागली असेल, असं वाटून मला बरंच वाटलं. पाचगणीला सगळे उतरले, फोटो काढून परत चढले. ड्रायव्हर गाडी सुरू करेना.

"मोजा की," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. एकवीसच्या एकवीस जण जागेवर होते. आण्णा मोजणीत स्वतःला कधी धरतच नसत.

मी फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सगळी नीट हाईत न्हवं? मॅडमला वकारी न्हाई न्हवं झाली?"

गाडी वळवून आम्ही खाली आलो. आण्णा वाईच्या स्टँडवर बाकड्यावर बसले होते. मांडीवर रुमालात चार लिंबं होती आणि हातात फोन होता. मला मनापासून लाज वाटत होती, त्यामुळे मीच उलटा आवाज चढवला.

"आवं आण्णा, फोन हातात होता ना? लगेच का नाही केलात?"

"करनार हुतो," आण्णा म्हणाले. "मग म्हटलं, बगू तरी, कवा ध्येनात येतंय."

मी त्यांना उठवायला हात पुढं केला.

"पाऊन तास," ते म्हणाले. "लय न्हाई, गड्या. खोलीवर तर चार-चार दीस कुनाला कळायचं न्हाई."

एवढं बोलून ते उठले आणि लिंबं मॅडमना द्यायला बसमध्ये चढले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. वर पोचेपर्यंत त्यांनी गिझरचं सगळं पुन्हा सांगितलं, आणि मी ऐकलं. पत्र्यावर थाप मी मारली होती, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.