कुमुदिनीच्या अंगणातली पोलीस चौकी

शिरसोड शहरात नव्याने राहायला आलेल्या माणसाच्या अंगणात पहिले आठ दिवस पोलीस चौकी मुक्कामाला येते. पोलीस तिच्याबरोबर असतात हे खरं, पण मुक्काम चौकीचा. दोन खोल्या, भिंती निळ्या-पिवळ्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत एक बाक. आठ दिवस ती नव्या माणसाला नीट बघून घेते आणि मग तिच्या वतीनं हवालदार रहिवासी दाखल्यावर शिक्का मारतो. किंवा मारत नाही.

कुमुदिनी टेंभुर्णे भंडाऱ्याहून आली तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी ती नव्या पडद्यांना रिंगा लावत बसली होती, तर फाटक वाजलं. जाऊन बघते तो बाहेर चौकी उभी.

"आत येऊ का म्हणून विचारायलीय," तिच्याशेजारी उभा असलेला हवालदार म्हणाला. "मी मगदूम. ही सुभाष चौकातली चौकी. फाटक तेवढं दोन्ही बाजूंनी उघडा ताई, कोपरा घासतोय तिचा."

"तुम्ही चालत आलात?" कुमुदिनीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"चालतच की. रिक्षात कशी मावंल ती?"

बोलण्यात तथ्य होतं. कुमुदिनीनं फाटक उघडलं. चौकी सावकाश आत आली, पेरूच्या झाडाखाली सावली बघून टेकली आणि तिनं खिडक्या मिटून घेतल्या. उन्हाचं चालणं म्हणजे दमायला होणारच.

आठ दिवस चौकी बघणार आणि मगच दाखल्यावर शिक्का, असं मगदूमांनी सांगितलं आणि कुमुदिनीला घाम फुटला. अकरा वर्षं कंत्राटी नर्स म्हणून राबल्यावर तिला शिरसोडच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात कायम नोकरी लागली होती. पत्रात स्वच्छ लिहिलेलं: पुढच्या मंगळवारी रहिवासी दाखल्यासह हजर व्हावे, अन्यथा यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. नोकरीपेक्षाही तिचा जीव या घरात अडकला होता. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक पेरू. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच दारावर तिचं स्वतःचं कुलूप होतं. कालपासून ती उगीचच ते लावून बघत होती आणि हसत होती.

पोलिसांशी कसं वागायचं, याबद्दल तिच्या आईची शिकवण साधी होती. खाकी दिसली की पदर सावरायचा, चहा पाजायचा आणि विचारल्याखेरीज बोलायचं नाही. कुमुदिनीनं ही शिकवण चौकीला लागू केली. पहाटे उठून चौकीसमोर सडा घातला, रांगोळी काढली. खिडक्यांच्या काचा पुसल्या. चौकीला वारा लागावा म्हणून स्वतःची कपड्यांची दोरी सोडून मागच्या बाजूला बांधली. बाजारात निघाली की पडवीसमोर उभी राहून विचारायची, "मी जरा भाजी घेऊन येऊ का? अर्ध्या तासात येते." चौकीची खिडकी किंचित उघडे आणि परत मिटे.

संध्याकाळी सहाला मगदूम हवालदार एक लांबट वही काढत आणि तिच्यात एकच शब्द लिहीत. सोमवारी कुमुदिनीनं चहा देता देता डोकावून पाहिलं. "परकी" असं लिहिलं होतं. मंगळवारी तिनं पोह्यांबरोबर शिरा केला. वहीत पुन्हा "परकी".

"माझं काही चुकतंय का हो?" तिनं विचारलं.

"ते आम्ही सांगायचं नसतं," मगदूम शिरा संपवत म्हणाले. "सांगून केलेलं तिला चालत नाही. शिरा मात्र झकास झालाय बघा."

बुधवारी एक गृहस्थ सायकल चोरीची तक्रार घेऊन अंगणात आले. चौकी इथं आहे म्हटल्यावर तक्रारीही इथंच येणार, त्याला कोण काय करणार? कुमुदिनीनं त्यांना चहा-पोहे दिले. थोड्या वेळानं शिपायांनी चोरालाही आणलं, तेव्हा त्यालाही दिले. दोघं एकाच बाकावर बसून खात होते. शेवटी त्या गृहस्थांनी सायकल परत घेतली, तक्रारही परत घेतली आणि ते चोराला डबलसीट घेऊन गेले. मगदूम भलतेच खूश झाले. वहीत "परकी".

गुरुवारी कुमुदिनीनं मागच्या गल्लीतून आंब्याची पानं आणून चौकीच्या दारात तोरण बांधलं. तेवढ्यात शेजारच्या इंदूताई शिरगुप्पे आपली स्कूटर ढकलत आल्या. चौकीचा एक कोपरा फाटकाबाहेर आला होता.

"ए, सरक की गं बाजूला!" इंदूताई चौकीवर खेकसल्या. "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय? मला बँकेत जायचंय."

चौकी मुकाट्यानं आत सरकली.

"अहो, हळू बोला!" कुमुदिनीचा जीव खालीवर झाला. "पोलीस चौकी आहे ती!"

"मग? आमचीच हाय की," इंदूताई म्हणाल्या आणि किक मारून गेल्या.

कुमुदिनीनं चौकीची माफी मागितली. इंदूताईंच्या वतीनंही मागितली. वहीत त्या संध्याकाळी मगदूमांनी "परकी" लिहून खाली रेघ मारली.

झालं! आपली काही धडगत नाही, हे तिनं ओळखलं. रात्रभर रडण्यापेक्षा हाताला काम बरं म्हणून तिनं गहू भिजत घातले. आई दर चैत्रात कुरड्या घालायची. या घरात आपला चैत्र एकदा तरी होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं. परत जायचं तर डबाभर कुरड्या तरी घेऊन जाऊ. तीन दिवस रोज पाणी बदललं. रविवारी गहू वाटले, गाळले, चीक निवळायला ठेवला. सोमवारी तांबडं फुटायच्या आत चीक शिजवायला घेतला. हाटून हाटून खांदे भरून आले. अंगणात जुनी साडी पसरून तिनं सोऱ्यानं एकेक कुरडई घातली. नव्वद झाल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला चौकीचा विसर पडला.

ती हात धुवायला आत गेली. दहाच्या सुमारास ऊन फिरलं. उन्हाबरोबर सावलीही फिरली आणि सावलीबरोबर चौकी. कुमुदिनी बाहेर आली तेव्हा चौकी निवांतपणे साडीच्या अर्ध्या भागावर बसली होती.

कुमुदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. आठ दिवस जपून बोललेली पुस्तकी भाषा कुठच्या कुठे पळाली.

"ऊठ वं! ऊठ तिथून!" ती पडवीच्या खांबावर थाप मारत ओरडली. "तुले दिसत नाई का? तीन दिस खपली ना मी! बसाले एवढं मोठं अंगण हाय, तुले माह्या कुरड्याच भेटल्या का? आन् हे तोरण काहून पाडलं? आठ दिस झाले, नुसते लाड चालू हायेत हिचे!"

चौकी दचकून उठली. उठताना तिची खिडकी आपटली.

"आपटू नको! काच फुटली तं भरून कोण देईन?"

खिडकी हलकेच मिटली. चौकी चार पावलं मागं सरली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

शिपाई उभे राहिले. कुंपणापलीकडे इंदूताई हातातलं लाटणं तसंच धरून बघत होत्या. आपण काय करून बसलो हे कुमुदिनीच्या ध्यानात आलं. पोलीस चौकीवर हात उगारला होता तिनं. गेली नोकरी. गेलं कुलूप. ती पायरीवर बसली.

मगदूमांनी टोपी काढून काखेत धरली, वही उघडली. संध्याकाळच्या सहाचीही वाट पाहिली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "रहिवासी" असं लिहिलं होतं. मग त्यांनी खिशातून दाखला काढला, शिक्क्यावर दोनदा हाः केलं आणि धप्पकन मारला.

"लई दिवस लावलासा ताई," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "काल वाटलं, जातंय बया हातचं माणूस."

"झापलीस का तिला? झापलीस का?" इंदूताई कुंपणावरून ओरडल्या आणि लाटण्यासकट येऊन त्यांनी कुमुदिनीला मिठी मारली. कुमुदिनी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. मोडलेल्या कुरड्या गोळा करायला चौकीतले शिपाई खाली बसले.

"जाताना एकेक चहा झाला असता," मगदूम घुटमळत म्हणाले.

"तुमच्या हातानं करून घ्या," कुमुदिनी दाखला उन्हात वाळवत म्हणाली. "दूध फ्रिजमध्ये आहे. साखर जपून टाका."

मगदूमांनी सगळ्यांना चहा केला. साडेअकराला चौकी निघाली. गल्लीच्या टोकाला नवीन भाडेकरू आल्याची खबर होती, तिथं जायचं होतं. ती फाटकातून बाहेर पडली आणि कोपरा न घासता वळली.

"फाटक कोण लावणार?" कुमुदिनी पायरीवरून ओरडली.

चौकी मागे आली आणि तिनं फाटक लावलं.