कप्पीकाकांचं उचलयंत्र

जड वस्तू एका हाताने उचलण्यासाठी कप्पीकाकांनी बनवलेलं यंत्र रविवारी सकाळी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून ते चौथ्या मजल्यावरून खाली न्यायला चार माणसं लागली. कप्पीकाका स्वतः पाचवे. पण ते नुसते “सांभाळून, सांभाळून” म्हणत पुढे उलटे चालत होते. चौघांपैकी एक काकूंचा धाकटा भाऊ. तो बहिणीकडे “सहज दोन दिवस” राहायला आला होता आणि आता जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्याला आपल्या घराची आठवण येत होती.

कप्पीकाकांचं खरं नाव सोसायटीत कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळी नोकरी वर्कशॉपात गेलेली. कुणी कसलीही अडचण सांगितली की “त्याला एक कप्पी लावून टाकू” हे त्यांचं उत्तर ठरलेलं. घरात पडद्याला कप्पी होती, वाळत घालायच्या दोरीला कप्पी होती, आणि पाहुण्यांनी वेळेवर उठावं म्हणून त्यांच्या पांघरुणाला कप्पी लावायचा बेत काकूंनी कसाबसा हाणून पाडला होता.

सोसायटीच्या मागे विहीर होती आणि विहिरीच्या पाण्यात पंप होता. गाळ बसून पंपाचं तोंड बंद झालं की तो वर काढून धुवावा लागे. मग आठ माणसं, एक जाडजूड दोर आणि अर्धा दिवस आरडाओरडा. नंतर सगळ्यांच्या कमरा धरत, आणि पंप मात्र ताजातवाना होऊन पुन्हा पाण्यात जाई. यावर कप्पीकाकांनी उपाय शोधला. तीन पायांचा लोखंडी घोडा, त्याच्या माथ्यावर कप्पी, खाली तारेचा दोर गुंडाळायचा ड्रम, दातेरी चाकं आणि हँडल. चाक उलटं फिरू नये म्हणून दात्यांत अडकणारी एक खिट्टी. वर्कशॉपात तिला ‘कुत्रं’ म्हणतात, कारण ती एकदा धरली की सोडत नाही.

घोडा गेले कित्येक महिने बाल्कनीत उभा होता. तिथे दोन खुर्च्या टाकून सकाळचा चहा प्यावा एवढीच काकूंची इच्छा होती. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, “रविवारी पंप वर आला तर ठीक. नाही आला तर हे भंगारात जाणार. आणि त्याआधी माझ्या कुकरचं हँडल बसवून द्या, तीन आठवडे डुगडुगतंय.”

कप्पीकाकांनी शनिवारी कुकरचं हँडल इतकं पक्कं बसवलं, की काकूंनाही कौतुक वाटलं.

भंगाराची गोष्ट मात्र उघड्या दारातून जिन्यात गेली आणि जिन्यात नेमके सेक्रेटरी होते. त्यांनी मीटिंगमध्ये क्रेन बोलवायचा ठराव मांडला होता आणि कप्पीकाकांच्या घोड्यामुळे तो बारगळला होता. तेव्हापासून ते घोड्याला पाण्यात पाहत. रविवारी सगळे विहिरीपाशी जमले तेव्हा फाटकात हातगाडी घेऊन भंगारवाला उभा होता.

“याला कुणी बोलावलं?” काकूंनी विचारलं.

“मी,” सेक्रेटरी हसत म्हणाले. “तुम्हालाच नंतर धावपळ नको.”

काकूंना ते आवडलं नाही. पण त्या वेळी फोनवर त्यांची बहीण होती.

विहिरीवर घोडा उभा राहिला. पंपाची केबल आणि पाइप वरून सोडवून झाले, तारेचा आकडा पंपाच्या कडीत अडकला. मेव्हण्याने हँडल धरलं आणि खरोखर एका हाताने फिरवू लागला. कट्-कट् करत कुत्रं दात्यांवरून सरकू लागलं आणि काळा, शेवाळलेला पंप पाण्यातून बाहेर आला. बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. कप्पीकाका आयुष्यात पहिल्यांदाच इतके ताठ उभे राहिले होते.

पंप निम्म्यावर आला आणि त्याचा पाइप विहिरीच्या कड्यांमध्ये अडकला. आत उतरण्यासाठी भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या, त्यांत. थोडं खाली घेऊन पुन्हा वर घ्यायचं, एवढंच काम. कप्पीकाकांनी कुत्रं वर उचललं आणि वर्कशॉपात आयुष्यभर दिला तोच हुकूम दिला, “सोड!”

मेव्हणा आज्ञाधारक होता. त्याने हँडल सोडलं.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. हँडल पंख्यासारखं गरगरलं, सगळे खाली बसले, पंप धबाककन पाण्यात गेला आणि तळाला टेकला. त्याच्यामागे ड्रमवरचा दोर सळसळत निघाला आणि थांबलाच नाही. शेवटचं टोकसुद्धा ड्रमवरून सुटलं, कठड्यावरून उडी मारून आत गेलं आणि खाली एका कडीत जाऊन लोंबकळलं.

“अरे, हँडल का सोडलंस?” कप्पीकाका ओरडले.

“तुम्हीच म्हणालात भावोजी, सोड!”

“सोड म्हणजे खाली सोड! हळूहळू!”

“मग तसं म्हणायचं ना! सोड म्हणजे सोड. आता ताईने मला घरी सोड म्हटलं तर तुम्ही मला काय चौथ्या मजल्यावरून सोडणार का?”

त्या घडीला कप्पीकाकांची तशी तयारी होती. पण त्यांचं लक्ष रिकाम्या ड्रमकडे गेलं. दोराचं टोक ड्रमला आवळून धरणारा बोल्ट जागेवर नव्हता. तो कुठे आहे हे त्यांना आठवलं आणि त्यांचा चेहरा पडला. तो कुकरच्या हँडलमध्ये होता.

दुसऱ्या मजल्यावरून एक डोकं बाहेर आलं. त्यावर शॅम्पूचा फेस होता. “पाणी किती वेळात येईल?”

“येईल, येईल,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांना आज फार उत्साह आला होता. “तुम्ही सगळे बाजूला व्हा. नुसतं दोराचं टोक तर काढायचंय. दोन कड्या उतरलं की झालं. अहो भंगारवाले, तुम्ही घोडा गाडीत घ्यायला सुरुवात करा.”

“कड्या गंजल्यात हो,” कप्पीकाका म्हणाले.

“काय बोलता! मागच्याच वर्षी मी स्वतः उभं राहून रंग दिलाय.”

रंग खरोखरच दिला होता. आत गंज होता, वर रंग होता आणि दोघांचं बरं चाललं होतं. सेक्रेटरी पहिली कडी उतरले, दुसरी उतरले, तिसरीवर उभं राहून त्यांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि वर पाहून विजयी मुद्रेने काही म्हणणार, एवढ्यात कडी भिंतीतून निघाली. पडता पडता त्यांनी वरच्या दोन्ही धरल्या, तर त्याही त्यांच्याबरोबर आल्या.

छातीभर पाण्यात सेक्रेटरी उभे होते. लागलं कुठेच नव्हतं. डोक्यावर शेवाळ होतं आणि हातात दोराचं टोक. इतके दिवस ते घोड्याला पाण्यात पाहत होते, आज प्रथमच पाण्यातून पाहत होते.

“दोर सोडू नका!” कप्पीकाका वरून ओरडले.

“मला बाहेर काढा आधी!”

“अग्निशमन दलाला फोन करू का?” शॅम्पूवाल्याने वरून विचारलं.

“मुळीच नाही! उद्या गावभर बभ्रा होईल. क्रेन बोलवा!”

कुणीतरी क्रेनवाल्याला फोन लावला. मग कठड्यावरून वाकून निरोप सांगितला, “ते म्हणतात सोमवारी येतील. तोपर्यंत थांबता का?”

विहिरीतून जे उत्तर आलं ते सेक्रेटरीपदाला शोभणारं नव्हतं.

कप्पीकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. जुना आठ माणसांचा जाड दोर मीटरच्या खोलीत होता. बागेतला झोपाळा होता, त्याची फळी बसायला चांगली. घोडा तर उभाच होता. फक्त एक बोल्ट हवा होता, आणि तो कुठे आहे हे सांगायची त्यांच्यात हिंमत नव्हती. ते नुसते ड्रमच्या भोकात बोट घालून उभे राहिले.

काकूंनी ते बोट पाहिलं. मग चौथ्या मजल्याकडे पाहिलं.

“तरीच म्हटलं, कुकरचं हँडल इतकं कसं पक्कं बसलं,” त्या म्हणाल्या.

“अगं, जरा...”

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला, “तुमच्या त्या भंगारावर मी बसणार नाही! सांगून ठेवतो!”

काकू कठड्यापाशी गेल्या. फोन अजून कानालाच होता. “थांब गं एक मिनिट,” त्या बहिणीला म्हणाल्या आणि आत वाकल्या. “हे बघा, भंगार मी म्हणेन. माझ्या नवऱ्याने केलंय, माझी बाल्कनी अडलीय, मला तो हक्क आहे. तुम्हाला नाही.”

आणि त्या तरातरा वर गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात बोल्ट होता. कप्पीकाकांच्या हातावर तो ठेवत म्हणाल्या, “घ्या. तसंही पाण्याशिवाय कुकर कसला लावणार?”

कप्पीकाकांचे डोळे भरून आले. पण लगेच त्यांनी पाना मागितला, कारण त्यांना भरल्या डोळ्यांनी काय करायचं ते कधीच कळत नसे.

जुना दोर ड्रमवर चढला. टोक बोल्टने आवळलं. झोपाळ्याची फळी टांगली गेली. आता कप्पीकाकांनी सगळ्यांसमोर नियम केला: यापुढे कुणी ‘सोड’ म्हटलं की ऐकणाऱ्याने आधी विचारायचं, हळूहळू की एकदम, आणि मगच हात हलवायचा. मेव्हण्याने नियम तीनदा म्हणून दाखवला.

“त्याच्या हातात हँडल देऊ नका!” विहिरीतून आवाज आला.

म्हणून हँडल काकूंनी घेतलं आणि मेव्हण्याला कुत्र्यापाशी बसवलं. फळी “हळूहळू” असं बजावूनच खाली सोडली गेली. सेक्रेटरींनी तारेच्या दोराचं टोक कमरेला बांधलं आणि लहान मुलांच्या झोपाळ्यावर दोन्ही हातांनी दोर धरून ते बसले. काकूंनी हँडल फिरवायला घेतलं. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फोन होता.

“हो गं, ऐकतेय,” कट्-कट्, “सेक्रेटरी वर येतायत. नाही, निवडून नाही, विहिरीतून,” कट्-कट्, “अजिबात जड लागत नाहीये. अगं खरंच!”

कप्पीकाका त्यांच्याकडे बघत राहिले. यंत्र चालतंय याच्या आनंदापेक्षा ते कोण चालवतंय याचा आनंद त्यांना जास्त झाला होता.

सेक्रेटरी कठड्याच्या वर आले. पाण्याने निथळत, हवेत झुलत. सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. त्यांना बाजूला ओढून घ्यायचं तेवढं राहिलं होतं, पण काकूंनी हँडल थांबवलं.

“आता सांगा. भंगार आहे का हे?”

“अहो काकू, काय हे! सोडा ना आता!” सेक्रेटरी वैतागून म्हणाले.

मेव्हण्याचे कान टवकारले. “हळूहळू की एकदम?”

“काय हळूहळू? एकदम सोडा!”

“मग कुत्रं सोडू ना?”

“कुत्रं कशाला मध्येच? मला सोडा, मला!”

हुकूम स्पष्ट होता आणि नियमाप्रमाणे विचारूनही झालं होतं. मेव्हण्याने कुत्रं वर उचललं.

सेक्रेटरी हातभर खाली गेले आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली, की शॅम्पूवाला पुन्हा बाहेर आला. पण ते हातभरच गेले. कारण काकूंनी हँडल सोडलं नव्हतं. एका हाताने त्यांनी अख्खे सेक्रेटरी तोलून धरले होते, आणि दुसऱ्या हातातला फोनसुद्धा कानावरून हलला नव्हता.

“भंगार नाही!” सेक्रेटरी डोळे मिटून ओरडत होते. “उत्तम यंत्र आहे! सोसायटी ठेवून घेईल! इथेच ठेवू, वर पत्र्याची शेड घालू!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” काकूंनी बाल्कन्यांना विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी सेक्रेटरींना वर घेतलं.

पुढे सगळं सुरळीत झालं. तारेचं टोक पुन्हा ड्रमवर गेलं, पंप कट्-कट् करत वर आला, धुतला गेला आणि जागेवर बसला. दुपार व्हायच्या आत नळांना पाणी आलं. दुसऱ्या मजल्यावरून “आलं, आलं!” अशी आरोळी ऐकू आली आणि खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. कप्पीकाकांना मुलांनी खांद्यावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, “थांबा, त्याला एक कप्पी लावू.” भंगारवाला रिकामा गेला नाही. निघालेल्या कड्या त्याने गाडीत टाकल्या, आणि रंग चांगला होता म्हणाला.

आठवडाभरात विहिरीवर शेड उभी राहिली. घोड्याच्या पायावर सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून रंगवून घेतलं: ‘सोडण्यापूर्वी विचारावे: हळूहळू की एकदम?’

पुढच्या रविवारी बाल्कनीत दोन खुर्च्या पडल्या. मेव्हणा आपल्या घरी सुखरूप पोहोचला होता. काकूंनी कपात चहा ओतला. ऊन छान होतं. कप्पीकाका मात्र चहा हातात धरून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे टक लावून बघत होते.

“ती टाकी आतून धुवायला माणूस कसा उतरवत असतील गं? तिथे जर एक छोटासा...”

“अहो,” काकू म्हणाल्या, “तो विचार आधी सोडा.”

कप्पीकाकांनी चहाचा घोट घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “हळूहळू की एकदम?”

काकूंनी बाल्कनीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग हँडल फिरवणाऱ्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“हळूहळूच,” त्या म्हणाल्या.