वहिनींचा गुडघा

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा कचेऱ्या जास्त झाल्या होत्या. हसू नका. पुढं ऐका.

तिथं कायदा होता. कचेरीतून गेलेला मेल जनतेचा. कुणीही मागावा, कचेरीनं दाखवावा. खाजगी मजकूर तेवढा झाकावा.

त्या जंगलात उतारावर साळू नावाची साळिंदरबाई राहायची. तिच्या दारातला झरा एका सकाळी आटला. वर जाऊन बघते तर काय, बांध घातलेला, आणि पाणी रानडुकराच्या नव्या चिखलस्नान केंद्रात वळवलेलं! तिकडं गिऱ्हाइकं लोळतायत, इकडं साळूची पिल्लं ओले दगड चाटतायत.

साळू तडक पाणी खात्यात गेली.

"हे कुणी ठरवलं? मेल दाखवा."

खात्याचे मुख्य तरससाहेब गोड हसले. "दाखवला असता हो साळूबाई. पण तो खाजगी आहे."

"पाणी खाजगी कधीपासून झालं?"

"पाणी नाही. गुडघा."

साहेबांची एक रीत होती. डुकराला मेल लिहिताना पहिली ओळ, 'वहिनींचा गुडघा कसा आहे?' शेवटची ओळ, 'छोट्याला पापा.' मधे काय ते पाणी.

"मग गुडघा झाका नि पाणी दाखवा!" साळूचे काटे उभे राहिले.

"परस्त्रीच्या गुडघ्याजवळचा मजकूर चारचौघांत दाखवू? आमच्यावर संस्कार आहेत, बाई."

साळूनं अपील केलं. अपील ऐकायला आले तरससाहेबच, टोपी बदलून. त्यांनी डोळे मिटून फार विचार केला आणि हुकूम दिला, "आपली कचेरी उघडी पाहिजे. बाईंना मेल द्या."

दिले. गठ्ठाच दिला. पण त्यातले सगळे मेल खात्यातल्या कारकून टिटवीनं नवऱ्याला लिहिलेले.

साळूचं डोकं आधीच तापलेलं. कचेरीच्या दारातल्या रांगेसमोर ती मोठ्यानं वाचायला लागली. "'अहो, आज डबा विसरलात.' हे काय? 'अहो, याही खेपेला अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत. आईंना इतक्यात सांगू नका. मला इथं बसून रडताही...'"

साळू थांबली.

"वाचा की हो बाई! पुढं काय?" रांगेतलं माकड ओरडलं.

"तुझ्या घरचं येऊ दे, मग वाचते, मेल्या!"

टेबलाशी टिटवी मान खाली घालून बसली होती. साळूनं गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. "चुकलं बाई माझं."

टिटवी उठली. "साहेबांचे मेल मीच टाइप करते," ती म्हणाली. आवाज चिरका, पण रांगेच्या शेवटापर्यंत गेला. "पाणी साहेबांनीच वळवलं. त्या चिखलात त्यांची भागी आहे. आणि डुकराचं अजून लग्नच झालेलं नाही."

मग कुणी अपील केलं नाही. रांग उठली आणि साळूच्या मागं बांधावर गेली. नख्या होत्या, शिंगं होती, माकडाला दोन हात होते. संध्याकाळी साळूची पिल्लं पाण्यात डुंबत होती.

टिटवीची नोकरी गेली. कारण लिहिलं होतं, 'साहेबांच्या खाजगी आयुष्यात डोकावणे.' तरससाहेबांचा सत्कार झाला, पारदर्शक कारभाराबद्दल. हार डुकरानं घातला.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याचं खाजगी वाचायला घेतलं की मधेच थांबू नये. लाज वाटून कुणी थांबलं, की कचेरीतलं एखादं खरं बोलून जातं, आणि चांगला चाललेला कारभार बिघडतो.