पायलट, निवृत्त

हिंजवडीजवळच्या नेऱ्यात भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा फाटकावर पितळी पाटी होती : ‘श्री. बबन धोंडिबा शेडगे, पायलट (निवृत्त)’. पाटीखाली दोन शेळ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचं करडू माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागलं होतं. वैमानिक माणूस निवृत्तीनंतर शेळ्या पाळतो म्हणजे किती साधा असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी खोली तिथल्या तिथे पक्की केली.

पुढे पंधरा दिवस मी त्यांना ‘सर’ म्हणत होते. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. सोळाव्या दिवशी मी सहज विचारलं, “सर, तुम्ही कुठलं विमान चालवायचात?”

ते पाण्याच्या मोटारीचा फ्यूज बघत होते. वर न बघता म्हणाले, “इमान न्हाई वो. अॅम्ब्युलन्स.”

माझा चेहरा बघून ते आत गेले आणि जुनं ओळखपत्र घेऊन आले. सरकारी रुग्णवाहिकेवरच्या ड्रायव्हरला कागदोपत्री पायलट म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओळखपत्रावर फोटोखाली स्वच्छ छापलेलं होतं, ‘पद : पायलट’. “कागदावर हाय तेच पाटीवर हाय,” ते म्हणाले आणि पुन्हा फ्यूजकडे वळले. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले. गाव त्यांना नुसतं पायलट म्हणतं.

काकांनी पौडला गाडीवर राहून सगळा मुळशी तालुका पालथा घातला होता. नोकरी संपली तरी तिच्या सवयी घरात तशाच मुक्कामाला होत्या. पहिली सवय म्हणजे गाडीचं तोंड कायम बाहेर. मी संध्याकाळी हिंजवडीहून येऊन स्कूटर कशीही लावावी आणि सकाळी ती फाटकाकडे तोंड करून उभी असावी. एकदा माझ्या चपलासुद्धा उंबऱ्यावर वळवून ठेवलेल्या दिसल्या. मी विचारलं तर म्हणाले, “येळेला वळवत बसायचं का?”

दुसरी सवय फोनची. घरातून कोणीही बाहेर पडलं की पोचल्यावर कळवायचं. मी ऑफिसात जाऊन बसते न बसते तोच फोन : “ताई, पोचला का?” मी पोचले म्हटलं की “बरं” म्हणून फोन बंद. दिवाळीला परभणीला आईकडे गेले तेव्हा एका रात्रीच्या प्रवासात त्यांचे चार फोन आले. माझ्या आईला वाटलं, घरमालक फार संशयी आहे.

तिसरं त्यांचं एक वाक्य होतं. एकदा माझी स्कूटर बिघडली म्हणून ते मला त्यांच्या जुन्या जीपने सोडायला निघाले. पाऊस मरणाचा, मारुंजीच्या वळणावर गाड्यांची रांग, मागून हॉर्नचा नुसता कालवा आणि शेजारी मी, मीटिंगला उशीर झाला म्हणून त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारी. काका शांतपणे म्हणाले, “ताई, मागं कोन बसलंय ते बगायचं न्हाई. फुडं काय दिसतंय ते बगायचं.” मी शेजारी बसलेय, मागे नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि मी अर्धा तास उशिरा पोचले.

काकांची बायको काही वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मुलगी अश्विनी, म्हणजे आशी. लहानपणी शाळेत कोणीतरी आशीला विचारलं होतं, वडील काय करतात. तिने पायलट सांगितलं आणि वर्ग हसला. तेव्हा घरी येऊन तिने ठरवलं की मग आपणच व्हायचं. काकांनी माळावरचा एक तुकडा विकला, तिला बारामतीला शिकवलं आणि आशी खरोखरची पायलट झाली. दोनशे तास उडून झाले, लायसन आलं आणि नोकरी मात्र मिळेना. मोठ्या विमान कंपन्यांच्या रांगेत तिच्यासारखी पुष्कळ मुलं उभी होती. दोन वर्षं गेली. आशी बावधनला एका क्लासमध्ये मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला लागली आणि घरी विमानाचा विषय काढेनाशी झाली.

मग काकांनी विषय हातात घेतला. मी नोकरीला माणसं घेण्याच्या खात्यात आहे हे कळल्यावर एका रविवारी ते वहीसकट माझ्या दारात उभे राहिले. “ताई, तुमी नोकऱ्या देता ना? मला कारपोरेट पायलटचं सगळं सांगा.”

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांना मात्र बरंच कळत होतं. मोठ्या उद्योगांची स्वतःची छोटी विमानं असतात, त्यांना पायलट लागतात आणि तिथे रांग नसते, ओळख लागते, एवढं त्यांनी शोधून काढलं होतं. आता ओळख काढायची म्हणजे पायलट गाठायचे. मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवारी धनिक मंडळी हेलिकॉप्टरने उतरायची. काका घरच्या इंद्रायणीचा भात आणि धरणातल्या माशांचं कालवण डब्यात भरून तिथे जायला लागले. साहेब लोक आत जेवत आणि त्यांचा पायलट बाहेर झाडाखाली बसून असे. “आमचं बी तसंच हुतं,” काका मला सांगत. “पेशंट आत, पायलट भायेर. भायेरच्या मानसाला कुनी जेवला का इचारत न्हाई.”

असे सहा रविवार त्यांनी तीन पायलटांना जेवू घातलं. सहाव्या रविवारी एकाने ढेकर देऊन सांगितलं की हेलिकॉप्टरचं लायसन वेगळं असतं आणि विमानाचं वेगळं. काका घरी येऊन ओट्यावर बसले. “डोस्क्यावरल्या पंख्याचं येगळं आन बाजूच्या पंखांचं येगळं,” ते म्हणाले. “मासं वाया गेलं.” पण त्याच पायलटाने विमानवाल्या चार जणांचे नंबर दिले होते, म्हणून अगदीच वाया गेले नाहीत.

मग वर्तमानपत्र. उद्योगपतींच्या बातम्यांचे फोटो ते भिंगाखाली धरत. “ह्यो बगा, गाडीतनं उतरताना एक पाय हवेत हाय. ह्याला लई घाई. ह्यो इमान घेनार.” त्या माणसाच्या कंपनीला त्याच दिवशी ईमेलने अर्ज जायचा. अर्जाचा मसुदा काकांचा, इंग्रजी माझं. ‘माझ्या मुलीचा आजपर्यंत एकही अपघात नाही. ती विनाकारण हॉर्न वाजवत नाही. निर्व्यसनी आहे. घाटात भीत नाही.’ मी यातलं पहिलं वाक्य ठेवून बाकीची गाळायची. काकांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण लांबी कळायची. “निरव्यसनी कुटं गेलं?” ते बोट ठेवून विचारायचे आणि मला ते परत घालावं लागायचं.

प्रत्येक अर्जाची नोंद वहीत व्हायची. ती वही म्हणजे रुग्णवाहिकेवर भरायचे तसलीच, हाताने रकाने आखलेली : निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, शेरा. ‘पुण्याची औषध कंपनी. निघाला ११.२०. पोचला ११.२०. शेरा : गप.’ ‘सिमेंटवाले. निघाला ४.०५. पोचला ४.०५. शेरा : गप.’ एका कंपनीने अर्ज जपून ठेवल्याचं कळवलं. काका हरखले. मी माझ्या खात्यात तेच उत्तर रोज दहा जणांना पाठवते, त्यामुळे मला त्याचा अर्थ सांगावा लागला. त्यांनी शेरा लिहिला, ‘ठेवला. म्हणजे न्हाई.’ त्यानंतर आठवडाभर मला ते उत्तर कोणाला पाठवायला हात धजेना.

आशीला हे सगळं आवडायचं नाही. “आण्णा, नका ना लोकांना डबे नेऊ,” ती म्हणायची. “लाज वाटती.” काका म्हणायचे, “तुज्यासाठी कोन नेतंय? मानूस उपाशी बसतो म्हनून नेतो.” आणि पुढच्या रविवारी डबा भरायचे.

पंचेचाळिसाव्या अर्जाला खरंखुरं उत्तर आलं. गुजरातेतल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने आधी एक लांबलचक फॉर्म पाठवला. आशी क्लासला गेली होती आणि तो संध्याकाळच्या आत भरायचा होता. काका सांगत होते, मी टाइप करत होते. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना आला.

“लिवा, पायलट, निवृत्त.”

“काका, ते लोक विमानाचा पायलट समजतील.”

“समजूद्यात. कागदावर हाय तेच लिवायचं.”

माझा रोजचा धंदा अर्जातल्या लबाड्या पकडण्याचा. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ओळखपत्र समोर होतं, त्यावर शिक्का होता आणि माणूस खोटं बोलत नव्हता. मी लिहून टाकलं.

मुलाखतीहून आशी परत आली ती तोंड पाडून. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “आण्णा, फॉर्मवर काय लिवलंत तुमी?”

तिथले मुख्य कॅप्टन फॉर्म बघून खूश झाले होते. वडीलही पायलट का, कुठल्या विमानावर होते, असं कौतुकाने विचारलं. आशीला सांगावं लागलं की रुग्णवाहिकेवर. टेबलापलीकडच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकजण हसला. “शाळेत हसले तसेच हसले,” ती म्हणाली. “मी खोटारडी ठरले. मग काय विचारलं, काय सांगितलं, मला आठवत बी न्हाई.”

मी मध्ये पडून सांगितलं की लिहिलं मी, चूक माझी. माझं कोणी ऐकलं नाही.  काका उठले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि फाटकावरची पाटी उतरवून शेळ्यांच्या गोठ्यात कडब्यामागे ठेवली. फाटकावर चार भोकं राहिली. पुढचे दोन आठवडे त्यांनी मला “पोचला का” असा एकही फोन केला नाही. मला त्या फोनचा एरवी वैताग यायचा. आता ऑफिसात पोचल्यावर मी उगाच फोन हातात घेऊन बसायची.

मग कॅप्टनांचा फोन आला. आशीची निवड झाली होती.

तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिने विचारलं की मला कसं घेतलं. कॅप्टन म्हणाले की सगळ्या उमेदवारांना त्यांनी एकच प्रश्न घातला होता. मागे कंपनीचे मालक बसलेत, त्यांना घाई आहे, पुढे हवा खराब आहे, तर काय कराल? बाकीच्यांनी पुस्तकातलं सांगितलं. आशी रडवेली होऊन म्हणाली होती, “मागे कोण बसलंय ते बघायचं नाही, पुढे काय दिसतंय ते बघायचं.” हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली होती, “वडिलांनी. ते पायलट होते.” हसणाऱ्या माणसासमोर तिने ते दुसऱ्यांदा सांगितलं होतं आणि घरी मात्र तेवढंच सांगायची विसरली होती.

आशीने फोन ठेवला आणि सरळ गोठ्यात गेली. पाटीचा एक कोपरा शेळीने चाटून लख्ख केला होता. तिने ती पदराने पुसली असती, पण ती जीन्समध्ये होती, म्हणून माझ्या ओढणीने पुसली आणि चारही स्क्रू स्वतः पिळून बसवले. काका ओट्यावरून बघत होते. म्हणाले, “डाव्या अंगाला कलली.” आशी म्हणाली, “कलूद्यात.”

ती अहमदाबादला गेली. घर एकदम रिकामं झालं. काका दिवसभर शेळ्यांशी बोलत आणि संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसत. ‘पोचले’ असा निरोप आला की मगच चुलीकडे वळत. मी एकदा म्हटलं, काका, तुम्ही जेवून घ्या, विमान काही तुमच्या जेवणावर उडत नाही. ते नुसते हसले. मला नंतर माझंच बोलणं लागलं.

चार महिन्यांनी त्यांनी तिच्याकडे जायचं ठरवलं. आशी विमानाचं तिकीट काढत होती, पण काकांना रस्ता डोळ्यांनी बघायचा होता, म्हणून बस. निघायच्या दिवशी दुपारी ते वही घेऊन वर आले.

“ताई, मी उंद्या पोचलो की फोन लावीन. हितं तेवढी येळ लिवा.”

“कुणाला दाखवायचीये?”

“कुनाला न्हाई.” ते जिन्याच्या कठड्याला टेकले. “नोकरीत हुतो तवर कंट्रोल रूमला फोन लावायचा, पोचलो म्हनून. घरी आलो की हिच्या आईला. आता लई दिस झालं, कुनाला पोचलो म्हनून सांगितलंच न्हाई.”

ते गेल्यावर मी वही चाळली. अर्जांची पानं संपून आशीची सुरू झाली होती. ‘आशी. सुरत. निघाली ७.१०. पोचली ८.००. शेरा : आवाज बरा.’ आणि या दोन्हींच्या मधून मधून, त्याच अक्षरात : ‘ताई. परभणी. निघाल्या ९.३०. पोचल्या ७.१५. शेरा : आईला बरं हाय.’ ‘ताई. हापिस. निघाल्या ८.४०. पोचल्या ९.५०. शेरा : ट्राफिक.’ फोन बंद होते त्या दोन आठवड्यांच्याही नोंदी होत्या. निघाल्याची वेळ होती आणि पोचल्याच्या जागी लिहिलं होतं, ‘संध्याकाळी परत आल्या. म्हणजे पोचल्या असतील.’ मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं.

मी नवीन पान काढून लिहिलं : ‘काका. अहमदाबाद. निघाले ४.१५.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजल्यापासून वही उघडून बसले होते. मीटिंग होती, ती मी पुढे ढकलली. आठ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

“कंट्रोल, पोचलो.”

मी वेळ लिहिली. मग विचारलं, “काका, शेरा काय लिहू?”

 

“लिवा,” ते म्हणाले, “लेक न्यायला आली हुती.”